उतारावरचं आडनाव

पितळी पाट्यांवर लोकांची नावं कोरण्यात तिची तीस वर्षं गेली. काम बैठं आणि बाईच्या पायाला भिंगरी. दोन अक्षरं कोरली की उठायची, दारापर्यंत जाऊन यायची, पुन्हा बसायची. गल्लीत तिला सगळे भिंगरीच म्हणत. वडील गेल्यापासून ही तगमग आणखी वाढली. घराण्यात आता दोघीच उरल्या होत्या, ती आणि तिची चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या.

एकदा एक निवृत्त मास्तर पाटी करून घ्यायला आले. दुकानावरचं तिचं आडनाव वाचून म्हणाले, "हे नदीच्या उतारावरून पडलेलं आडनाव. जिथून नदी पायी ओलांडतात, त्या जागेवरून. वरच्या अंगाला असं एकच गाव आहे. दुसरीकडे कुठे हे आडनाव मी ऐकलेलं नाही."

मास्तर गेले, पण डोक्यात भुंगा सोडून गेले. त्या दिवशी तिनं एकाच पाटीवर दोनदा चूक केली.

आत्या खिडकीशी वाटाणे सोलत बसली होती. विचारल्यावर मान वर न करता म्हणाली, "गाडलेली मढी कशाला उकरतेस? आडनाव आहे ना, लाव आणि गप्प बस."

गप्प बसली तर ती भिंगरी कसली? चौथ्या दिवशी ती बसमध्ये होती. साडेपाच तासांत तिनं तीनदा जागा बदलली.

उतारावर आता पूल झाला होता. पुलापलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि दारावर खडूनं लिहिलेलं तिचंच आडनाव. स्वतःचं आडनाव दुसऱ्या कुणाच्या दारावर तिनं आजवर पाहिलं नव्हतं. तिला भरून आलं. साठीचा दुकानदार चाकाच्या तारा ताणत होता.

"माझे आजोबा इथून दगडखाणीवर कामाला गेले होते," ती म्हणाली आणि त्यांचं नाव सांगितलं.

सायकलवाल्याच्या हातातली पकड तशीच राहिली. "ते माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. गेले ते गेलेच. कधी दोन ओळींचं पत्र नाही. त्यांची आई मरेपर्यंत एकच म्हणायची, खाणीवर गेला आणि आईला विसरला." त्यानं तिला आत नेलं, कपाटावरून एक फोटो काढून पुसून दिला. "हे बघा ताई, तुमचे आजोबा."

खुर्चीवर एक आडव्या अंगाचा तरुण बसला होता. गुडघ्यावर उजवा हात. त्याची दोन बोटं अर्धीच.

"लहानपणी अडकित्त्यात गेली," सायकलवाला म्हणाला.

तिच्या आजोबांना दहाच्या दहा बोटं होती. त्याच हातांनी त्यांनी तिला छिन्नी धरायला शिकवलं होतं. तिनं फोटो परत दिला, चहा अर्धा टाकला, आणि बस सुटेल म्हणून निघाली. बसला अजून दोन तास होते. ती पुलावर येरझाऱ्या घालत राहिली.

घरी आल्यावर चप्पलही न काढता ती आत्यासमोर उभी राहिली. "त्या गावात फोटो पाहिला. ते आपले नव्हते. मग आजोबा कोण होते?"

आत्यानं बराच वेळ पदराचं टोक चाळवलं. "दोघं खाणीवर एकाच खोलीत राहायचे. तो कागदावरचा, आणि तुझे आजोबा बिनकागदाचे. सक्तीच्या फौजभरतीतून पळून आलेले, खरं नाव सांगायची सोय नाही. एक दिवस कडा कोसळला आणि तो खाली सापडला. मुकादमाला मेलेला माणूस नोंदीत नको होता. त्यानं आजोबांना सांगितलं, तू त्याचा कागद घे, तू तो हो. म्हणजे कोणी मेलंच नाही."

"आणि आजोबांनी घेतला?"

"घेतला. नाहीतर दारात सैनिक होते. त्याच्या आईला कळवावं म्हणून किती वेळा लिहायला बसले. लिहायचे आणि फाडायचे."

"आपलं खरं आडनाव काय?"

"तेवढं त्यांनी मलाही सांगितलं नाही, गं."

पुढचे आठ दिवस भिंगरीनं काढले कसे तिलाच ठाऊक. सांगावं तर आजोबा चोर ठरतात. न सांगावं तर तिकडे एक मेलेला माणूस अजून कृतघ्न ठरून राहतो. शेवटी तिनं पुन्हा बस धरली आणि सायकलवाल्याला सगळं सांगितलं, उभ्यानंच, कारण बसवेना.

त्यानं दुकानाची फळी अर्धी ओढली, पुन्हा उघडली. मग विचारलं, "म्हणजे ते विसरले नव्हते?"

"आत्या म्हणते, खाणीवर आल्यावर दुसऱ्याच महिन्यात वारले."

"पुरलंय कुठे?"

आत्यानं सांगितलेली जागा शोधायला दोघं बरोबर गेले. खाणीत आता पाणी भरलं होतं. मजुरांच्या तिसऱ्या खोपटामागची जमीन कुठली आणि पाणी कुठलं, तेही कळेना. सायकलवाला काठावर टोपी काढून उभा राहिला. ती मात्र काठाकाठानं चालत राहिली.

परतताना ती म्हणाली, "दादा, हे आडनाव तुमचं आहे. मी सोडते."

"सोडून लावणार काय?" तो म्हणाला. "राहू द्या. आमच्या घरात तसंही हे लावणारे कमी झालेत."

तेव्हापासून त्याचं जाणं-येणं सुरू आहे. आत्या आधी त्याच्यासमोर आलीच नाही. दुसऱ्या खेपेला तिनं दार उघडून त्याचे हात धरले आणि सोडेचना. भिंगरी मात्र अजून स्वस्थ नाही. त्या खाणीवर आणखी कोण कोण होतं, त्यांची मुलंबाळं कुठे आहेत, याची पत्रं ती आता कामाच्या टेबलावरच लिहिते. एका म्हाताऱ्याचं उत्तर आलंय. त्याच्या वडिलांना फौजेतून पळालेला एक सोबती आठवत होता. नाव आठवत नव्हतं. येत्या सोमवारी ती तिकडे निघाली आहे.