आप्पांचा मूठभर जोंधळा

निपाणीपासून सदलग्यापर्यंत आमच्या आक्काच्या थोरल्या दिरांइतका निर्लज्जपणे मागणारा माणूस झाला नाही, आणि देणाऱ्याला दारातून परत पाठवणाराही दुसरा झाला नाही. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून उभी हयात काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी सरकारी दवाखान्यासमोर पेशंटच्या नातेवाइकांना फुकट जेवण घालायला सुरुवात केली. जवळ दमडी नव्हती. म्हणून घरोघरी एकेक डबा ठेवला. घरच्या बाईनं स्वैपाकाला लागण्याआधी रोज त्यात मूठभर जोंधळा टाकायचा आणि शनिवारी आप्पांनी सायकलवरून तो गोळा करायचा. मागायला त्यांना स्थळकाळ नसे. माझ्या पुतणीच्या लग्नात अक्षता पडल्या न पडल्या तोच त्यांनी नवरीच्या हातात रिकामा डबा दिला. "पोरी, माहेरचा डबा आईकडं ऱ्हाऊ दे. ह्यो सासरचा." मी कपाळावर हात मारून घेतला. वडिलांच्या पुण्यतिथीला शिरा घालतो म्हणणाऱ्यांना ते तोंडावर सांगत, "शिरा त्येनी लई खाल्लाय. त्येंच्या नावानं गॅसची टाकी दे."

एकदा मच्छे गावचा एक कारखानदार आला. वर्षाचा सगळा खर्च माझा, म्हणाला. आप्पांनी त्यालाही डबा पुढं केला! तो तणतणत निघून गेला. माझं डोकंच फिरलं. "आप्पा, लक्ष्मी चालत आलती आन् तुमी दार लावलंसा!"

"एका खांबावरचं छप्पर कवा बसंल सांगता येतंय व्हय? उद्या त्येचा धंदा बुडाला तर दवाखान्यातल्या बाईनं काय खायाचं? तीनशे बायकांच्या मुठी एकदम न्हाईत आखडत."

बायकांच्या मुठी खरंच कधी आखडल्या नाहीत. पण यंदा आप्पा सायकलवरून पडले आणि खुबा मोडला. तीन शनिवार गोळा करायला कुणीच गेलं नाही. घरोघरी डबे शीग लागून भरले, आणि दवाखान्यासमोरची चूल विझली. हे कळलं तेव्हा आप्पा लहान पोरासारखे रडले. "एक खांब नको, नको म्हणत व्हतो रं. खांब मीच व्हतो की."

मला लाज वाटली. इतकी वर्षं त्यांची थट्टा करत आलो, एकाही शनिवारी सोबत म्हणून गेलो नव्हतो. आम्ही आठ जणांनी गल्ल्या वाटून घेतल्या. चूल पुन्हा पेटली. मी आडवळणानं मागायला लागलो, मग सरळ मागायला लागलो. सुरुवातीला प्रत्येक दारात बायका आधी विचारायच्या, "आप्पा कसं हाईत?" हळूहळू त्या नुसता डबा आणून ओतू लागल्या.

गेल्या शनिवारी मी तापानं पडलो होतो. माझी गल्ली दुसऱ्यानं केली, जेवण वेळेवर झालं. दुसऱ्या दिवशी आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे आता कुणावाचून अडत न्हाय," म्हणाले. मग त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"बायका माझं इचारत्यात का रं?"

"व्हय की. दर दारात."

आप्पांशी मी आजवर भांडलो पुष्कळ, पण खोटं त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.