संदर्भ : माझी आई

आमच्या मुलीला पाचवीत शाळेतून दार्जिलिंग मिळालं. म्हणजे वर्गात प्रत्येकाला जगातला एकेक डोंगराळ प्रदेश वाटला होता. कोणाला आल्प्स, कोणाला अँडीज. आमची इंडियन, म्हणून बाईंनी मोठ्या प्रेमाने तिच्या पदरात चहाचे डोंगर टाकले आणि वर म्हणाल्या, "युवर फॅमिली मस्ट नो ऑल अबाउट इट!" बाईंचा काय दोष! आमची फॅमिली म्हणजे नवरा कोल्हापूरचा आणि मी नागपूरची. डोंगर म्हणजे मला सेमिनरी हिल्स, जिथे दम लागायच्या आत उतार लागतो. दार्जिलिंगशी आमचं नातं एवढंच की आम्ही चहा पितो, आणि तोही आसामचा.

पण "आम्हाला माहीत नाही" हे वाक्य आमच्या घराण्यात अजून कोणी उच्चारलेलं नाही. मी मुलीला म्हटलं, "काळजी करू नको, मी आहे."

प्रोजेक्ट म्हणजे तीन घड्यांचा एक मोठा पांढरा बोर्ड. डावीकडे भूगोल, मधे लोक, उजवीकडे सरकार. तळाशी संदर्भ, म्हणजे कुठली माहिती कोणाकडून घेतली ते प्रामाणिकपणे लिहायचं. सहा आठवड्यांनी संध्याकाळी शाळेत प्रदर्शन, आईबापांनी यायचं.

माझ्याकडे वेळच वेळ होता. नवऱ्याच्या व्हिसाला शेपूट म्हणून मी अमेरिकेत वेस्ट विंडसरला आले होते, आणि शेपटाला नोकरी करायची परवानगी नसते. गाडी एकच, ती नवऱ्याबरोबर स्टेशनवर जाऊन दिवसभर तिथे आराम करायची. मला लायसन्स नव्हतं. मोपेडवरून सीताबर्डीची गर्दी कापणाऱ्या बाईला दोन खांबांच्या मधे गाडी लावता येईना, म्हणून दोनदा नापास केलं होतं. त्यामुळे सकाळी मुलीची बस गेली की दुपारी ती परत येईपर्यंत घरात मी आणि मायक्रोवेव्ह. तो निदान काम झालं की आवाज तरी द्यायचा.

बसस्टॉपवर नातीला सोडायला येणारी साठीची एक बाई मात्र रोज माझ्याकडे बघून हसायची. गोल चेहरा, बारीक डोळे, डोक्याला लोकरी स्कार्फ. मी तिला चिनी ठरवून टाकलं. विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, दिसतच होतं की! मी तिच्याशी मोठ्याने, सावकाश, हातवारे करून इंग्रजी बोलायची. "टुडे... व्हेरी... कोल्ड." तीही तितक्याच सावकाश म्हणायची, "येस. व्हेरी. कोल्ड." फेब्रुवारीत चिनी नववर्ष आलं तेव्हा मी शुभेच्छा देऊन तिच्या हातात एक संत्रं ठेवलं. नागपूरची बाई दुसरं काय देणार? ती क्षणभर थबकली, मग म्हणाली, "थँक यू. सेम टू यू."

इकडे भूगोल झपाट्याने उरकला. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी लावलेले चहाचे मळे, खाली तिस्ता नदी, वर ढग परवानगी देतील तेव्हा कांचनजंगा. मुलीने हिरव्या कागदाचे बारीक तुकडे कापून डोंगर चिकटवले आणि माझं स्वयंपाकघर आठवडाभर हिरवं राहिलं. गाडी अडली ती मधल्या भागावर.

"आई, इथे पीपल मधे गोरखा लिहिलंय. व्हॉट इज अ गोरखा?"

मी मेथी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "गुरखा? अगं, गुरखा म्हणजे वॉचमन."

"ऑल ऑफ देम?"

"सगळे नाही काही. बहुतेक."

मग मी रंगात आले. आमच्या कॉलनीतला गुरखा कसा खाकी स्वेटर घालून फिरायचा, काठी कशी आपटायचा, शिट्टी कशी वाजवायचा, सगळं साभिनय करून दाखवलं. लाटणं आपटून शिट्टीसुद्धा मारली. मुलगी हसून हसून लोळली आणि तिने सगळं लिहून घेतलं. तिच्या सुबक इंग्रजीत बोर्डाच्या मधोमध लागलं ते असं : दार्जिलिंगचे बहुतेक लोक वॉचमन आहेत. ते काठी आपटतात आणि शिट्टी वाजवतात, म्हणून चोर येत नाहीत. तळाशी : संदर्भ, माझी आई. बोर्डावर आपला असा उल्लेख बघून मला बरंच वाटलं होतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी बसस्टॉपवर माझी ती चिनी बाई फोनवर बोलत होती. "हो, हो, भोलि आउँछु. हो." मी गर्रकन वळले. अमेरिकेत परक्या तोंडून "हो" ऐकलं की मराठी माणसाचं काळीज कसं उडी मारतं ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. फोन ठेवायच्या आत मी विचारलं, "तुम्ही मराठी?"

ती खळखळून हसली. मग स्वच्छ हिंदीत म्हणाली, "नहीं नहीं, नेपाली में भी 'हो' होता है. मैं दार्जिलिंग से हूँ."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. तीन महिने! "फिर आप मुझसे इतनी धीरे-धीरे इंग्लिश क्यों बोलती थीं?"

"मुझे लगा, आपकी इंग्लिश थोड़ी कमज़ोर है."

"और वो संतरा?"

"अच्छा था," ती विचार करून म्हणाली. "थोड़ा खट्टा था."

त्या दिवसापासून माझे दिवस पालटले. बस गेल्यावर आम्ही दोघी तळ्याभोवती फेऱ्या मारायला लागलो. मी आंटी म्हटलं तर तिला राग आला, "दीदी बोलो." दीदी डोंगरातल्या एका शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली, मुलगा इथे इंजिनिअर, नातीसाठी आलेली. महिनोन् महिने तोंडाला कुलूप लावून बसलेली मी अशी सुटले की पहिल्या आठवड्यात तिला माझ्या नणंदेचं सगळं चरित्र पाठ झालं.

उजवीकडचं सरकारही तिनेच सोडवलं. म्हणाली, आमचा जिल्हा पश्चिम बंगालचा, डोंगराची स्वतःची एक कौन्सिल, पण लोकांना हवंय वेगळं राज्य. मी टाळीच दिली. "दीदी, आम्हालाही! विदर्भ!" मग काय, दोन पीडित प्रदेशांची तळ्याकाठी शिखर परिषदच भरली. मी सांगितलं, आमच्याकडे सरकार हिवाळ्यात अधिवेशनाला येतं, संत्री खातं, हुरडा खातं आणि परत जातं. ती म्हणाली, "हमारे यहाँ गर्मी में आती है. हवा खाती है और चली जाती है." घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं, तर कोल्हापूर म्हणालं, "घ्या की वेगळं, धरलंय कोणी?" त्या रात्री कोल्हापूरला भाजी उरलेली मिळाली.

सरकारचा भाग लिहून झाला तेव्हा मी दीदीला शनिवारी चहाला बोलावलं. खऱ्या दार्जिलिंगच्या माणसाला आपला आलं घालून उकळलेला चहा कसा द्यायचा, म्हणून मी लाजत होते. ती म्हणाली, "दूध डालो, चीनी भी दो चम्मच. वो बढ़िया वाली पत्ती तो बाहर जाती है. हम लोग यही पीते हैं." मुलीने लगेच हेही टिपून घेतलं.

आणि मग तिने कौतुकाने दीदीचा हात धरून तिला बोर्डासमोर नेलं.

खरं सांगते, मला मधल्या भागाची आठवणच राहिली नव्हती. तीन आठवडे तो बोर्ड जेवणाच्या टेबलावर उभा होता, आम्ही त्याच्यासमोर जेवत होतो. दीदी शिक्षिकेच्या सवयीने ओळीखाली बोट ठेवत वाचत होती. डोंगर वाचला, मान डोलावली. बोट मधे आलं आणि सावकाश झालं. मग ते खाली संदर्भापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं.

माझ्या हातातली चिवड्याची बशी हातातच राहिली. मुलगी म्हणाली, "इट्स फनी, ना?"

"ग़लत नहीं लिखा," दीदी म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मेरा भाई बंबई में वॉचमन था. बाईस साल." मग माझ्याकडे वळली. "आपके वाले का नाम क्या था?"

मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. "हम तो उसको... गुरखा ही..." एवढं बोलून थांबले.

दीदीने अर्धा चहा टेबलावर ठेवला. नात वाट बघत असेल म्हणाली आणि गेली.

सोमवारी बसस्टॉपवर ती हसली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग. व्हेरी विंडी टुडे." इंग्रजीत. मी हिंदीत माफी मागितली, तर म्हणाली, "इट्स ओके." इट्स ओके या शब्दांचा अर्थ इतकी वर्षं इथे काढल्यावर मला चांगला कळत होता. बस गेली आणि ती फेरी न मारता घराकडे वळली. मी एकटीच तळ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि रडले. नवऱ्याने समजूत काढली, "एवढं काय, लहान मुलीचा प्रोजेक्ट तो." पण माझ्याशी दिवसभरात बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते मी माझ्या तोंडाने घालवलं होतं. लहान मुलीने तर फक्त लिहून घेतलं होतं.

मी नागपूरला फोन लावला. आईला विचारलं, आपल्या गुरख्याचं नाव काय होतं?

"गुरख्याला कसलं नाव?" आई म्हणाली. बाबांनी फोन घेतला. "बहादूर असेल. सगळे बहादूरच असतात."

"तुम्ही विचारलं होतं?"

"विचारायचं काय त्यात?" बाबा म्हणाले.

बारा वर्षं तो माणूस आमच्या कॉलनीत होता. सायकलवरून पडून मी गुडघा फोडला, तेव्हा मला उचलून घरी आणणारा तोच होता. त्याच्या स्वेटरला बिडीचा वास यायचा, तोही मला आठवतो. नाव तेवढं नाही. मला इतकी शरम वाटली की बाबांवर चिडायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी मुलीला बसवून सांगितलं, मी तुला चुकीचं सांगितलं. ती हादरलीच. आई चुकू शकते ही बातमी तिला नवीन होती. मग पेन्सिल सरसावून व्यवहारी आवाजात म्हणाली, "सो व्हॉट डू आय राइट?" मी जे घडलं ते सगळं सांगितलं, फोनवरचंसुद्धा. काठी आणि शिट्टी तिने टराटरा फाडून काढली.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी शाळेच्या कॉरिडॉरमधे जगातले सगळे डोंगर ओळीने उभे होते. दीदी नातीबरोबर आली होती. मला बघून मान हलवली आणि आमच्या बोर्डासमोर जाऊन उभी राहिली. मी मागे पाच पावलांवर. तिचं बोट पुन्हा ओळीखालून चालायला लागलं. मधे आता असं लिहिलं होतं : या डोंगरांत गोरखा, लेपचा, भुतिया असे पुष्कळ लोक राहतात. ते शाळेत शिकवतात, चहा खुडतात, सैन्यात जातात, आणि काही जण लांबच्या शहरांत जाऊन दुसऱ्यांच्या घरांवर पहारा करतात. त्यातल्या एकाने बारा वर्षं माझ्या आईच्या घरावर पहारा केला. त्याचं नाव तिच्या घरात कोणालाही माहीत नाही, कारण कोणी विचारलं नाही.

दीदीने ते एकदा वाचलं. मग पहिल्या ओळीवर जाऊन पुन्हा वाचलं. कागदाचा एक कोपरा सुटून वर आला होता, तो तिने अंगठ्याने दाबून धरला आणि मागे न बघताच हिंदीत म्हणाली, "गोंद कम लगाया है."

नऊ दिवसांनी ती माझ्याशी हिंदी बोलली होती. मला तिथेच, आल्प्स आणि अँडीजच्या देखत, रडू फुटलं.

"अरे," दीदी म्हणाली, "गोंद के लिए कोई रोता है?"