दारापुढची माती

आमच्या दारापुढचे सिमेंटचे ब्लॉक मी स्वतः पहारीनं उचकटले. पोराला विचारलं नाही. घर माझ्या नावावर आहे आणि हातात अजून जोर आहे.

कारण सांगतो. माझ्या बायकोचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललंय. आधी गॅसवरचं दूध विसरायची, मग सुनेचं नाव विसरली, आता घरच ओळखत नाही. रोज दिवे लागले की पिशवी भरून बसते.

"चला, घरी जाऊ. दुसऱ्याच्या दारात किती दिवस राहायचं?"

"अगं, हेच आपलं घर. मोशीतच हाय आपण."

ती खाली ब्लॉककडं बघते. "आपल्या अंगणाला माती हाय."

मला वाटलं, बाई चुकीचं बोलत नाही. जुनं घर पाडून पोरानं मजले चढवले, खोल्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या, तेव्हापासून अंगणात नुसत्या गाड्या उभ्या असतात. तिला ओळखायला काही ठेवलंच नाही आम्ही. माती दिसली तर ओळखेल. डॉक्टर म्हणाला, अशानं काही आठवत नसतं. म्हणू दे. त्यानं तिला सारवताना कधी बघितलंय?

पण ब्लॉक काढले तर खाली माती नव्हतीच, नुसती दगडाची कच. मग पलीकडं इमारतीचा पाया खणत होते तिथं पोती घेऊन गेलो. ते रान पूर्वी आमचंच. वॉचमन आडवा आला, "काका, काय नेताय?" म्हणलं, "माझीच माती." तो हसला आणि पोती भरू दिली. शेण मिळवणं त्याहून अवघड गेलं. आमच्या आळीत आता जनावर नाही. निघोजे गावातल्या एका गोठ्यावरून झाकणाच्या बादलीत आणलं, तर बसमध्ये कंडक्टर म्हणतो, "आबा, तुमचा मिठाईचा डबा जरा मागं ठेवा."

माती पसरली, भिजवली, चोपण्यानं बडवून घट्ट केली. वरच्या खोलीतला बीडचा पोरगा शिफ्ट संपवून आला.

"काका, पार्किंगमदी पेरणी करायलाव का?"

"तू तुझी गाडी रस्त्यावर लाव."

पोरगा माझा, तो तर तोंड पाडून उभा. "आबा, लोक हसत्यात."

"हसू दे. दात हायेत त्यांना."

सारवणं हे बाईमाणसाचं काम, असं मी जन्मभर मानलं, अजून मानतो. पण सून शेणात हात घालायला तयार नव्हती. मग मीच बसलो. हात कसा फिरवायचा ते आयुष्यभर बघितलं होतं, पण बघणं वेगळं. माझे पट्टे वाकडेतिकडे उठायला लागले. बायको पायरीवर बसून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"पाणी जास्त झालंय. सरका तिकडं. कुणी शिकवलं न्हाई का तुमाला?"

माझ्या हातातली बादली घेतली. पदर खोचला, उकिडवी बसली आणि हात फिरवत मागं मागं सरकत गेली. एकासारखा एक पट्टा, कुठं जोड दिसेना. किती दिवसांनी तिचा हात असा न थरथरता चालला. मी भिंतीला टेकून बघत राहिलो. पोराला हाक मारणार होतो की ये, बघ.

सगळं सारवून झाल्यावर तिनं नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. माझ्याकडं बघून परक्या माणसाशी हसतात तसं हसली.

"झालं बघा तुमचं. आता मला सोडा. माझ्या घरचं सारवायचं तसंच राहिलंय."

ती पिशवी घ्यायला आत गेली. त्या दिवशी मी काही समजावलं नाही. चपला तिच्या पायापुढं ठेवल्या, पिशवी माझ्या हातात घेतली आणि ओल्या जमिनीच्या कडेनं तिला फाटकाबाहेर नेलं. रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं, आता कुणीकडं वळायचं.