दुपारचे अडीच इंच

भिमाजी कडूला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तळ्याच्या काठावर उकिडवा बसून पाण्यातल्या पट्टीकडे बघत होता. अंगात कंपनीचा खाकी कोट, त्याला पितळेची बटणं, खाली गुडघ्यापर्यंत धोतर आणि गळ्यात सुतळीला बांधलेलं घड्याळ. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि त्या वयात मला कुठल्याही साचलेल्या पाण्यात मरण दिसायचं. भिमाजीला इंच दिसायचे. आमच्यातला हा फरक दीड महिना टिकला.

साल एकोणीसशे छत्तीस, मार्चचा शेवट. आमच्या कॉलेजचा नियम असा होता की दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एखाद्या कारखान्यात उमेदवारी करायची, तिथल्या साहेबाचा दाखला आणायचा, तरच पुढच्या वर्गात बसता येई. माझ्या वर्गातले काही गिरणीत गेले, काही रेल्वेच्या वर्कशॉपात. मी आणि वडगावचा हमीद आतार, आम्ही लोणावळ्याच्या वीज कंपनीत आलो. आम्हाला वाटलं होतं, घोंघावणारी चक्रं बघायला मिळतील. चक्रं घाटाखाली होती. आम्हाला मिळालं कुरवंड्याच्या वाटेवरचं एक तळं.

धरणाचं पाणी कालव्याने येताना गाळ घेऊन येई. तो खाली बसावा म्हणून वाटेत हे साठ फूट लांब आणि चाळीस फूट रुंद तळं बांधलं होतं. तीन बाजूंना दगडी भिंत, चौथी बाजू गाळ काढायला सोपी जावी म्हणून उतरती. उन्हाळ्यात पाणी जपून वापरत. सकाळी अकराला तळ्याची दोन्ही दारं बंद व्हायची ती संध्याकाळी सहाला उघडायची. मधल्या वेळात तळ्यातून किती पाणी गळतं ते मोजायचं, एवढंच आमचं काम.

ते काम सांगितलं बिलीमोरिया साहेबांनी. हे पारशी गृहस्थ नुकतेच मुंबईहून बदलून आले होते. डोक्यावर सोला हॅट, हातात काळी छत्री, आणि छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती ते माणसांकडे रोखून बोलण्यासाठी वापरत.

"दार बंद, पानी आत," ते छत्री माझ्याकडे रोखून म्हणाले. "दुपारी ते वर जाएल की खाली?"

"खाली, सर."

"शाब्बास. मग हे बघ." त्यांनी रजिस्टर उघडलं. भिमाजीच्या ठसठशीत आकड्यांत लिहिलं होतं: एक वाजता पाच फूट एक इंच. तीन वाजता पाच फूट साडेतीन इंच. पाच वाजता पाच फूट पाऊण इंच. त्याच्या आदल्या दिवशीही तसंच. त्याच्या आदल्या वर्षीही तसंच. रोज दुपारी पाणी अडीच इंच वर चढत होतं आणि संध्याकाळपर्यंत उतरत होतं.

"वीस वरस!" साहेब म्हणाले. "माझ्याआधीच्या साहेबांनी हे वाचलाच नाय. अरे बावा, झाकून ठेवलेल्या पातेल्यात दूध वाढते काय? हा मानूस घरी झोपते आनि मनाला येईल तो आकडा लिवते. तुम्ही शोधून काढा. महिना देतो. कारन मिळाला नाय तर भिमाजीला घरी पाठवतो आनि मॅट्रिक पास मानूस आनतो."

भिमाजी शेजारीच उभा होता. त्याने घड्याळ पाहिलं, पट्टी पाहिली आणि म्हणाला, "बारा वाजलं. पाच फूट सव्वा इंच."

घरी पाठवतो म्हणजे कुठे, हाही प्रश्नच होता. तळ्याकाठची कंपनीची चौकी हेच त्याचं घर. धरण बांधत होते तेव्हा तो मातीची पाटी वाहायला आला आणि भिंतीवर रंगवलेले आकडे बघून बघून अंक शिकला. मुकादमाने त्याला थोडी अक्षरंही गिरवायला लावली. पुढे पहिल्या गोऱ्या साहेबाने त्याला पट्टीवर बसवलं आणि दुभाष्याकरवी एकच हुकूम दिला: दिसेल ते लिही, दिसत नाही ते लिहू नकोस. साहेब विलायतेला गेला. हुकूम भिमाजीपाशी राहिला.

आमचा दिवस फार छान जाई. सकाळी आम्ही तळ्याची लांबीरुंदी मोजायचो. ती रोज तेवढीच भरायची, तरी मोजायचो. बाराच्या सुमारास भिमाजीची बायको अंबूबाई चौकीच्या दारातून हाक मारायची, "चला रं बाबांनो, गारढोण व्हतंय!" मग आंबेमोहराचा वाफाळता भात, हुलग्याचं कढण, लसणीची चटणी आणि तांब्या तांब्या ताक. नको म्हणायची सोय नव्हती. "इंजनेर हाय का चिमणी?" असं म्हणून ती आणखी वाढायची. त्यानंतर मागच्या जांभळाखाली घोंगडी अंथरलेली असायची. आम्ही आडवे व्हायचो ते पाच वाजता भिमाजी "पाच फूट पाऊण!" असं ओरडला की उठायचो. आमच्या आधीच्या चार वर्षांचे चार उमेदवारही त्याच घोंगडीवर शिकून गेले होते. आज त्यांतले दोघे मोठमोठे पूल बांधतात.

त्या चौघांनी आपापले निष्कर्ष रजिस्टराच्या मागच्या पानांवर लिहून ठेवले होते. एकाने म्हटलं होतं, उन्हाने पाणी फुगतं. दुसऱ्याने खडकात एक झरा आहे आणि तो जेवणानंतर वाहतो असं अनुमान काढलं होतं. तिसऱ्याने हवेच्या दाबाला दोष दिला होता. चौथ्याने नुसतं "ईश्वरी लीला" लिहून खाली सही केली होती, आणि दाखला त्यालाही मिळाला होता.

मला चंद्र सुचला. समुद्राला भरती येते, तळ्याला का येऊ नये? मी चौदा पानं लिहिली आणि भिमाजीला वाचून दाखवली.

"चंद्र?" तो म्हणाला. "भर दुपारी?"

"दिसत नसला तरी असतो, भिमाजीभाऊ."

त्याने आभाळाकडे बराच वेळ पाहिलं. "आसंल बाबा," तो म्हणाला. "मला दिसत न्हाई, म्हून लिवता यायचं न्हाई."

आमच्या शिक्षणाचा एक पुरावा मी इथे नोंदवून ठेवतो. तळ्याच्या उतरत्या काठावर रोज संध्याकाळी शेण पडलेलं असायचं. भरपूर. हमीद एकदा त्यावरून घसरून मोजपट्टीसकट पडला. पाणीही संध्याकाळी गढूळ असायचं. ते गढूळपण मी चंद्राच्या ओढीचं लक्षण म्हणून पान नऊवर नोंदवलं होतं. शेण ओलांडून आम्ही पाण्याचं कोडं सोडवायला जात होतो.

कोडं सोडवलं हमीदच्या दाढेने. साहेबांनी दिलेल्या महिन्यातले दोनच दिवस उरले होते आणि हमीदचा गाल लिंबाएवढा सुजला. त्याला ना भात गिळवला, ना ताक. मी झोपलो. तो कण्हत कण्हत तळ्याकडे गेला. थोड्या वेळाने त्याने मला पायाला धरून घोंगडीवरून ओढलं.

"ऊठ, चंद्रसेना," तो म्हणाला. "चल, तुझा चंद्र दाखवतो. बत्तीस आहेत."

तळ्यात बत्तीस म्हशी बसल्या होत्या. मानेपर्यंत पाण्यात, डोळे अर्धे मिटलेले, काळ्याभोर आणि तृप्त. मी आयुष्यात इतकं स्वस्थ काही पाहिलं नव्हतं. पट्टीशी भिमाजी उकिडवा बसून लिहीत होता: पाच फूट साडेतीन.

आम्हाला पाहून त्याने पेन्सिल कानावर ठेवली.

"भिमाजीभाऊ, हे कधीपासून?" मी विचारलं.

"तळं न्हवतं तवापासून. हितं आमच्या गावचं डबकं व्हतं. म्हसरं दुपारी हितंच बसायची. कंपनीनं डबक्याचं तळं केलं, पर म्हसरांना कुनी सांगितलं न्हाई." त्याने काठावरच्या फळीकडे बोट दाखवलं. तीवर इंग्रजीत लिहिलं होतं की जनावरांना मनाई आहे. "पयल्या सालाला तीन दिस काठी घिऊन हाकलली. गावच्या म्हशी दूध देईनात. बाया अंबूशी बोलंनात. चौथ्या दिशी मी काठी टाकली."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"मला कुनी इचारलं न्हाई. पट्टी किती, येवढंच इचारलं. रजिस्टरात म्हसरांचा रकाना हाय का?"

हमीद गाल धरून अंबूबाईकडे वळला. ती मागे येऊन उभी राहिली होती. "मावशी, तुम्ही आम्हाला मुद्दाम झोपवत होता!"

"मी जेवाय घातलं," अंबूबाई म्हणाली. "झोपला तुमी."

त्या रात्री मी चौदा पानं चुलीत घातली आणि नवा हिशोब मांडला. अडीच इंच पाणी म्हणजे पाचशे घनफूट. भागिले बत्तीस. दर म्हशीला साडेपंधरा घनफूट, डोकं वगळून. गणित इतकं नेटकं सुटलं की मला रडू आलं, कारण ते सुटून भिमाजी सुटत नव्हता. परवा शनिवारी साहेब स्वतः बघायला येणार होते. म्हशी आल्या, तर मनाई मोडली म्हणून नोकरी जाणार. म्हशी आल्या नाहीत, तर पाणी चढणार नाही आणि वीस वर्षांचे आकडे खोटे ठरून नोकरी जाणार.

"तुम्ही तीनच्या रकान्यात जरा कमी लिहीत जा," मी म्हणालो. "पाच फूट एक. कोण बघतंय?"

भिमाजीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला म्हशीचं शेपूट खायला सांगितलं होतं.

"मी बघतो की," तो म्हणाला.

शनिवारी बिलीमोरिया साहेब एक वाजता आले. अंबूबाईने पान वाढलं होतं, पण ते म्हणाले, "नाय, आज मी झोपनार नाय," आणि पट्टीसमोर खुर्ची टाकून बसले. आम्ही मागे उभे राहिलो. पाच फूट एक इंच. दीड वाजला, दोन वाजून गेले. पाण्यावर एक चतुर उडत होता. मग कुरवंड्याच्या बाजूने धूळ उठली.

म्हशी एकामागून एक आल्या. पहिलीने साहेबांच्या हॅटचा वास घेतला. दुसरीने खुर्चीला पाठ घासली. उतरत्या काठावरून त्या संथपणे पाण्यात शिरल्या आणि प्रत्येकीबरोबर पाणी पट्टीवर केसभर वर सरकलं. साहेबांचं तोंड उघडं राहिलं होतं. बत्तिसावी बसली तेव्हा भिमाजीने वाकून पाहिलं.

"पाच फूट साडेतीन," तो म्हणाला.

"भिमाजी!" साहेब ओरडले. "हे काय आहे?"

"म्हसरं हायेत, सायेब."

"ते मला दिसते! बाहेर काढ!"

"माझ्यानं न्हाई निघत, सायेब. लय परयत्न केला. आन नोकरीपायी खोटंबी लिवता येत न्हाई. काय करायचं ते करा." आणि त्याने गळ्यातलं घड्याळ काढून साहेबांपुढे धरलं. अंबूबाईने पदर तोंडाला लावला.

साहेबांनी घड्याळ घेतलं नाही. त्यांनी हॅट काढून हमीदच्या हातात दिली, छत्री भाल्यासारखी धरली आणि "मी काढतो!" म्हणत उताराकडे धावले. तिथे त्या दिवसाचं ताजं शेण होतं. हमीदला ती जागा ठाऊक होती, पण दाढेमुळे त्याला लवकर ओरडता आलं नाही. साहेब दोन्ही पाय पुढे करून, बसल्या बसल्या, अत्यंत डौलाने तळ्यात गेले आणि दोन म्हशींच्या मधे मानेपर्यंत स्थिर झाले. म्हशींनी थोडं सरकून त्यांना जागा दिली.

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काहीच शिल्लक नव्हतं, इतकं ते पूर्ण होतं. साहेबांच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग आश्चर्य, मग पाणी गार आहे हे कळल्याचं एक कोवळं दुःख. एप्रिलचं ऊन होतं. ते लगेच उठले नाहीत.

"भिमाजी," थोड्या वेळाने ते पाण्यातून म्हणाले. "आता पट्टी किती?"

दुसरा कोणीही म्हणाला असता, चढलं साहेब, चांगलं बोटभर चढलं. मीही म्हणालो असतो. भिमाजी वाकला, डोळे बारीक केले आणि खात्री करून सरळ झाला.

"पाच फूट साडेतीन. तुमी पडल्यानं काय फरक पडला न्हाई, सायेब."

साहेबांनी मान वळवून पट्टीवरचा आकडा स्वतः वाचला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हुडहुडी भरली. पण ते हसत होते, इतके की शेजारच्या तीन म्हशी वैतागून बाहेर पडल्या.

"पाच फूट सव्वातीन," भिमाजीने लगेच सांगितलं. आणि त्या परत बसल्यावर, "साडेतीन."

"घड्याळ गळ्यात घाल, गधेडा," साहेब म्हणाले. "हा मानूस खोटा नाय. रजिस्टर खोटा आहे. त्यात म्हशींचा रकाना पाहिजे."

त्यांनी तो ओल्या हाताने स्वतः आखला. मनाईची फळी त्यांनी उपटवली, अंबूबाईने ती चौकीत पाट म्हणून घेतली. आम्हाला दोघांना दाखला मिळाला. त्यात लिहिलं होतं की उमेदवारांनी तळ्याचा कसून अभ्यास केला, आणि त्यांपैकी एक जागा होता.

भिमाजी पट्टीवर आणखी आठ वर्षं होता. त्याच्यानंतर मॅट्रिक पास माणूस आला तेव्हा त्याला म्हशी मोजायला आठवडाभर शिकवावं लागलं, कारण त्या सारख्या हलतात. पण त्याआधी, पुढच्याच उन्हाळ्यात, मी मुद्दाम कुरवंड्याच्या वाटेवर गेलो होतो. जांभळाखाली दोन नवे उमेदवार रजिस्टर उघडून भांडत होते. आदल्या एप्रिलमधल्या एका शनिवारच्या नोंदीशी ते अडले होते. दुपारी तीन. पट्टी पाच फूट साडेतीन इंच. आणि नव्या रकान्यात भिमाजीच्या ठसठशीत अक्षरात: म्हशी ३२, साहेब १.

"हे काय आहे, भिमाजीभाऊ?" त्यांतल्या एकाने विचारलं.

भिमाजी पट्टीशी उकिडवा बसला होता. त्याने मान वळवली नाही.

"दिसलं ते लिवलं," तो म्हणाला. "जा, जेवून घ्या. गार व्हतंय."