बिबट्याच्या कातड्याला लागलेली लोकर

मेलेल्या राजाचा देह पुरण्यासाठी नदीच्या पश्चिमतीरी न्यायला तयार झाला, तरी राजपुत्राच्या नावा काही दिसेनात. तो उत्तरेच्या छावणीतून निघालाय, एवढंच नगरीत कळलं होतं. हेनुतचा नवरा पाशेद त्याच्याच नावेचं सुकाणू धरून होता.

हेनुत देवळासाठी कातडी कमावायची, शिवायची. बिबट्याचं पवित्र कातडं तिच्याच घरी राहायचं. ते खांद्यावर घेऊन मेलेल्या राजाच्या ओठांना हत्यार टेकवायचं, की राजाचं तोंड उघडतं. मग तो परलोकात जेवतो, बोलतो. आणि ज्यानं तोंड उघडलं, तोच गादीचा वारस. म्हणूनच सेनापतीला त्या कातड्याची घाई झाली होती.

उजाडताच त्याचा सरदार मिनमोसे दारात येऊन उभा राहिला.

"बाई, कातडं काढ. दुपारी सेनापती विधी करणार आहेत."

"सेनापती?" उंबऱ्यात सूत कातत बसलेली तिची सासू तूई म्हणाली. तिला दिसायचं कमी, पण जिभेला धार होती. "राजाला मुलगा आहे ना रे बाबा? का त्यालाही पुरून मोकळे झालात?"

"म्हातारे, गप बस. मुलगा पोचतोय उद्या-परवा. घाटावर धनुर्धारी उभे आहेत. आज ते राजाच्या पोरावर बाण सोडायचे नाहीत. पण सेनापती एकदा राजा झाले, की त्या नावेतलं एक माणूस काठाला लागायचं नाही."

तूईच्या हातातली चाती थांबली. हेनुत उठली. हातपाय धुऊन तिनं खुंटीवरून कातडं उतरवलं आणि जवसाच्या सुताच्या धुतल्या कापडात गुंडाळलं.

"ते पांढरं नको," मिनमोसे म्हणाला. "रस्त्यात कुणीही ओळखेल." त्यानं कापड फेकून दिलं आणि अंगावरची जाड शाल काढून कातडं तिच्यात लपेटलं.

शाल लोकरीची होती. लोकर लागलेली वस्तू देवळात चालत नाही, हे खरं तर कुणाला सांगावं लागत नाही. पण मिनमोसेची सारी उमर डोंगरी मुलखात लढण्यात गेली होती, आणि पहाटे गारठा होता. हेनुतनं एक शब्द काढायचा अवकाश, त्यानं शाल बाजूला केली असती. देवाची वस्तू डोळ्यांदेखत बाटत होती. पण त्या नावेवर पाशेद होता.

जाताना शालीचं टोक तूईच्या गालाला लागलं. "अगं बाई, हे तर…"

"आई," हेनुत घाईनं म्हणाली, "सूत तुटलं तुमचं."

सूत तुटलं नव्हतं. तूईनं एकदा सुनेकडे तोंड वळवलं आणि पुन्हा चाती फिरवायला घेतली.

"तूही चल," मिनमोसे हेनुतला म्हणाला. "खांद्यावर बसवायला तूच लागशील."

देवळाच्या दारात म्हाताऱ्या पुजाऱ्यानं, आमेनवाहनं, कातडं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि केसांवर फुंकर मारली. एक पांढरा धागा वर आला.

"लोकर! बाई, घरात मेंढरं पाळलीस का?"

"माझ्या हातून ते जवसाच्या कापडात निघालं होतं, महाराज."

कातडं सोडवलेली शाल मिनमोसेच्या हातातच होती; त्याचा चेहरा उतरला. सेनापती पुढं आला. "झटका आणि द्या इकडे."

"देतो की," आमेनवाह म्हणाला. "पण हे खांद्यावर घेऊन तोंड उघडलं तर राजा परलोकात मुका राहील. बाहेर एवढी माणसं उभी आहेत, तुमचे धनुर्धारीही आहेत. त्यांना काय सांगू? हे शुद्ध करायला खाराच्या पाण्यात आणि धुपात तीन दिवस तरी जातील."

धनुर्धारी एकमेकांकडे बघू लागले. सेनापतीनं ते पाहिलं, मग हेनुतकडे वळला. "तुला दिसली होती ना ती शाल?"

"दिसली."

"मग वाचा बसली होती?"

"सरदारांपुढं मी काय बोलणार?"

"हिला कोंडा. कातडं हीच धुवेल. आणि विधी झाला, की हिची मान उडवा."

कोठडीत हेनुत एकेक धागा वेचत बसली. देवा, माझी मान घे, पण त्या नावा आधी येऊ देत, असं ती पुटपुटत राहिली. कातडं वाळायच्या आत घाटावर शिंगं वाजली. राजपुत्रावर बाण सोडायला एकही हात उठला नाही. सेनापती मागच्या दारानं पळाला.

कातडं तिनंच राजपुत्राच्या खांद्यावर बसवलं.  घाटावर पाशेद तिची वाट बघत उभा होता.

त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी हेनुत देवाच्या दारात एक भाकरी ठेवी आणि न बोललेल्या त्या शब्दाची क्षमा मागे. संध्याकाळी प्रसाद म्हणून भाकरी घरी परत येई. ती पाशेद खाई.