कागदी टँकरची खळ

हौसाबाईनं माझ्यादेखत आपल्या पोराच्या, नामाच्या तोंडात बोट घातलं आणि पदरानं त्याची जीभ खसाखसा पुसली. पोरगं ओकाऱ्या देत रडत होतं. हातात कागदाचा टँकर. तिनं तोही हिसकावून फुफाट्यात फेकला.

"महारणीनं शिजवल्यालं चाटतूस व्हय रं? घर बाटवलंस की मेल्या!"

नामा असेल चारेक वर्षांचा. त्यानं केलं होतं एवढंच. टँकरला चाकं चिकटवताना बोटाला लागलेली खळ चाटली होती.

दुष्काळाचं साल. मिरजगावकडच्या रस्त्यावर सरकारी काम निघालं होतं. खडी फोडायला सगळ्या जातींच्या बाया एका रांगेत बसायच्या. जमीनवाल्याही. पोटानं सगळ्यांना एका जागी आणलं होतं. पाण्याचे रांजण मात्र दोन, एक त्यांचा, एक आमचा. बायांची पोरं सांभाळायला ताडपत्रीखाली बालवाडी होती. ती चालवायची गावातली अक्का, चांगल्या घरची, शिकलेली. मी सातवी पास, म्हणून तिनंच मला मदतनीस घेतलं.

"हितं जातबित काय न्हाई. तू माझी धाकटी बहीण," असं म्हणाली होती. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तशी मी.

पोरांना खेळणी कुठली? मीच त्यांना कागदाच्या गाड्या करायला शिकवलं. जुन्या वर्तमानपत्राची सुरळी केली की झाली टाकी. कागदावर कागद चिकटवून उन्हात कडक वाळवायचे, गोल कापायचे, ती चाकं. मधे तुराटीची काडी. मी मोटार दाखवली, बैलगाडी दाखवली. कुणाला नको. सगळ्यांना टँकरच पाहिजे. त्यात फुफाटा भरायचा आणि "पानी आलं, पानी आलं" करत ओढत पळायचं.

चिकटवायला खळ लागायची. ती मी घरून आणलेल्या रेशनच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या पिठाची शिजवायची. पोरं उपाशीपोटी आलेली. कागदाला थोडी, तोंडात जास्त. मी बघून न बघितल्यासारखं करायची. कोरडं पीठ कुणाच्याही हातचं चालतं. त्यात पाणी पडून ते चुलीवर चढलं की अन्न होतं, आणि मग त्याला जात लागते. हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण अक्का रोज समोर बसून बघत होती, हसत होती. मग मी कशाला भ्यावं?

हौसाबाईच्या ओरड्यानं बाया गोळा झाल्या. मी अक्काकडं बघितलं. आता ही बोलेल, यांची तोंडं बंद करेल.

अक्का बोलली. "कशाला गलका करताय? खळ मीच शिजवते. ती नुस्ती कागद कापती."

बाया गप झाल्या, कामाला लागल्या. मला क्षणभर बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची चीड अजून गेलेली नाही.

दुपारी अक्कानं मला बाजूला घेतलं. "तुझ्यासाठीच खोटं बोलले गं. उद्यापासनं चुलीला हात लावू नको. पोरांपासनं वाईच लांब बस. कागद तेवढे कापून दे."

मग मला मागचं एकेक आठवायला लागलं. मी भाकरी पुढं केली की अक्काला उपास असायचा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. एवढे उपास देवालाही ठाऊक नसतील. आणि मी मूर्ख, बाई किती देवभोळी म्हणून कौतुक करायची. हौसाबाई निदान तोंडावर बोलली. अक्कानं केसानं गळा कापला.

दुसऱ्या दिवशी बाया पोरं सोडायला आल्या. हौसाबाईचा संशय काही फिटला नव्हता. अक्कानं मला सगळ्यांपुढं हाक मारली. "सांग गं यांना. खळ कोण शिजवतं?"

नुसतं "अक्का" म्हणायचं होतं. काम राहिलं असतं, सावली राहिली असती, पोरं राहिली असती. पोरांसाठी जीव तुटत होता.

"मी शिजवते," मी म्हणाले. "माझ्या घरचं पीठ, आमच्या रांजणाचं पानी. पैल्या दिवसापासनं. तुमची पोरं तीच खात्यात. अक्कानं चुलीत काडीबी घातली न्हाई."

अक्काचा चेहरा उतरला. "मी तुला वाचवत हुते गं."

"मला न्हाई. सोताला."

बायांनी पोरं उचलली. नामा आईच्या खांद्यावरून माझ्याकडं हात करत ओरडत गेला. ते मला सोसलं नाही. तरी शब्द मागं घेतला नाही. त्याच दिवशी बालवाडीतलं काम गेलं आणि मी हातोडी घेऊन उन्हात खडीवर बसले.

पुढं अशा अक्का पुष्कळ भेटल्या. एक म्हणाली, आडनाव सांगू नको, खोली मिळेल. एक म्हणाली, लग्नाला ये, पण कुठल्या वस्तीतली ते बोलू नको. सगळ्यांना माझं भलंच करायचं होतं. मी त्यांना तोंडावर सांगत आले. मी कोण ते मीच सांगणार, आणि आधी सांगणार. ज्याला उठून जायचंय त्यानं खुशाल जावं. माझ्या नावानं कुणी खोटं बोलायचं नाही. माझ्या भल्यासाठी तर मुळीच नाही.