मला कोणी धरेना

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी दोन-तीन वर्षं मी धुळ्याला एका कापडाच्या दुकानात नोकरीला होतो. घर जामनेरकडे, ओळखीपाळखीचं इथे कोणी नाही. दिवसभर गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडायचं, त्याने नाक मुरडलं की पुन्हा गुंडाळायचं आणि वर हसायचं. हसणं हा माझा स्वभाव नाही. संध्याकाळी गाल दुखायचे.

या गावात मला माणूस म्हणून किंमत होती ती फक्त सकाळी. उन्हाळ्यात पांझरा आटली की दुकान उघडायच्या आधी आम्ही पात्रातल्या वाळूत हुतूतू खेळायचो. शिंपी, कचेरीतले कारकून, विड्या वळणारे, सगळेच असत. मी अंगाने काटकुळा, पण दम दांडगा. ‘हुतूतू’ म्हणत पलीकडच्या पाटात, म्हणजे समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, शिरलो की दोन-तीन गड्यांना हात लावूनच परतायचो. समोरच्या बाजूला एक गडी होता, आमच्या दुकानाला लागूनच त्याचं भुसाराचं दुकान. शेतकरी घरातला, पंजा फावड्याएवढा. त्याने घोटा धरला की सुटका नाही. माझी खरी मजा त्याच्या हातून निसटण्यात होती आणि त्याची मला पकडण्यात. बाकीचे नुसते भरतीला होते, असं मी तेव्हाही तोंडावर म्हणायचो.

एका सकाळी त्याने माझा डावा घोटा धरला, मी हिसका दिला आणि त्याच वेळी बाकीचे चौघे-पाचजण अंगावर पडले. गुडघ्यात कट् असा आवाज झाला. मला तो ऐकू आला तसा त्यालाही आला. त्याने मला पाठीवर घेऊन हाडं बसवणाऱ्या नानांकडे नेलं. नानांनी गरम तेल चोळलं, गुडघा ओढला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि निजून राहा म्हणून सांगितलं. उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. मी खोलीत पडून छताकडे बघत होतो. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘आता खेळबिळ सोडा’ असं सांगून जायचा, जसं काही ते सांगायलाच आला होता. फक्त माझा हा भुसारवाला मित्र असलं काही बोलायचा नाही. रोज जेवण घेऊन यायचा, खाली मान घालून बसायचा आणि ताट घेऊन जायचा.

पुढच्या उन्हाळ्यात मी वाळूत परत उतरलो. पाय थोडा फेंगडा पडत होता, पण पळता येत होतं. त्यांनी नारळ फोडला. आमचे पंच आबा म्हातारे, कधीकाळी स्वतः नावाजलेले गडी. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी दम घेऊन शिरलो आणि तिघांना बाद करून आलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. त्या दुपारी मी गिऱ्हाइकांशी खरोखर हसून बोललो. मालकाला संशय आला की मी नोकरी सोडून चाललोय.

मग एकदा माझं लक्ष खाली गेलं. मित्राचा हात माझ्या घोट्यापर्यंत आला, बोटं मिटायला लागली आणि मागे गेली. मी नीट बघितलं. बाकीचेही मी पुढे झालो की सरकत होते, आणि मी लावलेला हात अंगावर घेऊन मुकाट्याने बाहेर जाऊन बसत होते.

घरातलं शेंडेफळ रडू नये म्हणून त्याला खेळात लिंबूटिंबू घेतात, तसं त्यांनी मला घेतलं होतं. लिंबूटिंबू पळतो, ओरडतो, पण त्याला कोणी बाद करत नाही, कारण तो खेळातच नसतो. लहान पोराला ते कळत नाही म्हणून ते खपतं. मी तीस वर्षांचा होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी त्यांच्या पाटात अगदी आत गेलो आणि दम सोडून दिला. तोंड मिटलं, मोठ्याने श्वास घेतला आणि हात खाली सोडून उभा राहिलो. नियमाप्रमाणे तिथेच मला कोणी शिवून बाद करायला हवं होतं. कोणी जागचं हललं नाही.

‘‘आबा, माझा दम तुटलाय,’’ मी म्हणालो.

‘‘कुठे रे? आम्हाला ऐकू येत होता की,’’ आबा म्हणाले. ‘‘जा परत. चालेल.’’

खेळ संपल्यावर वाटेत मी मित्राला गाठलं. म्हटलं, हे सगळ्यांना तूच सांगून ठेवलंस ना? त्याने नाही म्हटलं नाही.

‘‘मीच सांगं बठ्ठास्ले, त्याले कोनी धरानं नही,’’ तो म्हणाला. ‘‘तुना पाय धरा की माले तो आवाज आयकू येस. मना हातच उघडी जास.’’

‘‘तुझ्या हाताशी मला काय करायचंय? गुडघा माझा आहे,’’ मी म्हणालो. त्याचे डोळे भरून आले. मला त्याचाही राग आला. माझं मोडलं आणि रडायचं याने, म्हणजे समजूतही मीच काढायची. मी काढली नाही. दुसऱ्या दिवसापासून वाळूत गेलो नाही.

पुढे मालकाने मला कापडाचे गठ्ठे घेऊन साक्रीच्या बाजाराला पाठवलं. बाजार उठल्यावर गावाबाहेरच्या एका खळ्यात काही माणसं हुतूतू खेळत होती. पाय फेंगडा पडतो हे दिसू नये असं मी चालत गेलो आणि खेळू का विचारलं. त्यांनी जागा करून दिली. पहिल्याच पाळीला एका दाढीवाल्याने माझा डावा पाय धरला, दुसऱ्याने कंबर, आणि दोघांनी मला आपटलं. तोंड मातीत घासलं, गुडघ्यातून कळ डोक्यात गेली.

‘‘बाद,’’ कोणीतरी म्हणालं आणि खेळ पुढे गेला.

मी बाद गड्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

‘‘भाऊ, पाय दुखस का?’’ शेजारच्याने विचारलं.

‘‘दुखतो.’’

‘‘मंग पाळी येई तवपर्यंत चोळ,’’ तो म्हणाला आणि खेळ बघू लागला. मी पाय चोळत तोंड वळवलं, कारण मला रडू येत होतं. इतका आनंद मला त्या वर्षात झाला नव्हता.

धुळ्याला परतलो तेव्हा गुडघा सुजून टम्म झाला होता. सकाळी दुकानाच्या फळ्या काढत होतो तर मित्र आपलं दुकान टाकून धावत आला.

‘‘काय व्हयनं?’’

‘‘साक्रीला खेळलो. एकाने धरला.’’

‘‘कोनी?’’ तो असा विचारत होता, जणू आत्ता जाऊन त्या माणसाला बडवणार होता.

‘‘मला न ओळखणाऱ्या एका माणसाने,’’ मी म्हणालो.

तो पुढे झाला, माझ्या हातातली फळी काढून घेतली आणि मला पायरीवर बसवून उरलेल्या सगळ्या फळ्या त्यानेच काढल्या.